एकवीसचा पाढा

व्हर्जिनियात ब्लू रिजच्या पायथ्याशी, द्राक्षमळ्यांमधल्या एखाद्या कच्च्या रस्त्यावर शनिवारी सकाळी सायकली रेटत मोठ्याने पाढे म्हणणारी माणसं दिसली, तर ती आम्ही. तिथले लोक आता ओळखतात. पहिल्या वर्षी मात्र एका मळेवाल्याने ट्रक थांबवून, तुम्ही कुठल्या धर्माचे, असं विचारलं होतं. आम्ही गणिताचे, असं विजूमावशींनी त्याला सांगितलं. तो हसला नाही. मावशीही हसल्या नाहीत.

पाढ्यांचा नियम त्यांचा. चढ लागला की बोलत राहायचं, आणि दम लागलेल्या माणसाला बोलायला काही सुचत नाही म्हणून पाढे म्हणायचे, मागच्याला ऐकू जातील असे. दोनदा अडखळला तो उतरणार आणि सायकल हातात धरून चालणार. त्यात वयाची सूट नाही, वाद नाही, "आता थोडंच राहिलंय" नाही. "बोलणं चालू आहे तोवर बसा. बोलणं तुटलं की उतरा." मनगटावरच्या घड्याळांवर त्यांचा भरवसा नव्हता. घड्याळ नाडी सांगतं, त्या म्हणत; माणूस जागेवर आहे की नाही ते त्याचा आवाज सांगतो.

हे त्या अंदाजाने म्हणत नसत. विजूमावशी भूलतज्ज्ञ होत्या. नागपूरला मेडिकल करून तरुणपणी अमेरिकेत आल्या आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी एकच काम केलं. "भूल दिली" असं त्या म्हणत नसत. "झोपवलं आणि उठवलं" असं म्हणत, आणि दुसऱ्या शब्दावर जोर देत. ऑपरेशनच्या टेबलावर इथले लोक शंभरपासून उलटे आकडे मोजतात. मराठी पेशंट आला की मावशी त्याला पाढा म्हणायला लावत. उलटे आकडे माणूस विचार करून म्हणतो, त्यामुळे तो घाबरूनही चुकतो. पाढा विचार न करता येतो, म्हणून पाढा तुटला की माणूस खरंच गेलेला असतो. झोपेत, म्हणायचं त्यांना.

मी अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये कामांची वेळापत्रकं सांभाळते. घरीही तेच करते. त्यामुळे मावशींनी माझं नाव यादीबाई ठेवलं होतं. आमची भेट झाली ती घराजवळच्या सायकलवाटेवर. पूर्वी तिथून रेल्वे जायची. सायकल नवी होती, सिग्नल सुटत नव्हता, आणि मी सिग्नलला मराठीत दोन शब्द सुनावले. मागून आवाज आला, "सीट खाली आहे तुझं. असंच चालवून राहिली तर दिवाळीपर्यंत गुडघे जातील." वळून पाहिलं तर एक बुटकी, काटक बाई. अंगात मोहरीच्या रंगाचं, पुरुषी मापाचं जॅकेट. सायकल लोखंडी आणि जुनी, मागच्या चाकाला दोन्हीकडून पिशव्या. एका पिशवीतून पाना काढून त्यांनी तिथल्या तिथे माझं सीट वर केलं. तेवढ्यात सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला. मग शनिवारी काय करतेस, असं विचारलं. मी सांगितलं की शनिवारी माझी कामांची यादी असते. "मग तिच्यात हे घाल," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. कुठे यायचं, किती वाजता, काही नाही. पुढच्या शनिवारी मी त्याच सिग्नलला जाऊन उभी राहिले. त्या होत्या.

हळूहळू आम्ही चौघं झालो. शिरीष पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला. त्याची सायकल कार्बनची, एका बोटावर उचलता येईल अशी, आणि ती तो खरोखर उचलून दाखवायचा. रिया इथेच जन्मलेली, वकील. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत देते. तिला पाढे येत नव्हते. मावशींनी सूट दिली नाही, पर्याय दिला: शाळेत पाठ केलेली पन्नास राज्यं, वर्णक्रमाने. रिया दर वेळी मेरीलँड-मॅसॅच्युसेट्सपाशी धापा टाकू लागायची आणि शिरीष पुढून ओरडायचा, "ही एमच्या राज्यांत मरणार."

त्याची पाळीही आली. ऑगस्टमधला उकाड्याचा दिवस होता. सतराच्या पाढ्यात तो दोनदा घसरला आणि मागून "शिरीष, उतर" असं आलं. तो घड्याळ दाखवू लागला, हार्ट रेट नॉर्मल आहे, मी कॉलेजात बॅडमिंटन खेळायचो, वगैरे. मावशी उतरल्या, त्याच्या शेजारी चालू लागल्या आणि चालता चालता बोलत राहिल्या: त्याच्या आईबद्दल, पुण्यातल्या पाण्याबद्दल. सायकलवर बसलेल्या माणसाशेजारी एक म्हातारी बाई पायी चालते आहे आणि तिला दम लागलेला नाही, हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तो उतरला. उतरल्याबरोबर कुंपणाला धरून ओकला. मावशींनी डब्यातलं मिठाचं पाणी पुढे केलं. त्या दिवसाचा उल्लेख त्यांनी पुन्हा केला नाही. शिरीषच करतो.

त्यांच्या डब्यात कायम उकडलेले बटाटे, तिखट-मीठ आणि काकडी. हिवाळ्यात संत्री, आणि ती खाताना इथल्या संत्र्यांची बारीक निंदा. वाटेत वाइनरी लागतात, तिथे थांबायचं नाही. "द्राक्षं बघा. प्यायची उतार संपल्यावर." शेवटचा उतार झाला की मात्र त्या स्वतः आत जात, पिशवीतून स्टीलचा पेला काढून काउंटरवर ठेवत आणि त्यात पांढरी वाइन घेत. काउंटरवरच्या मुलांना ते कळत नसे. काचेच्या ग्लासात वास कसा छान येतो ते ती मुलं समजावून सांगत. मावशी शेवटपर्यंत ऐकून घेत आणि पेला थोडा पुढे सरकवत.

आणि त्यांची जागा शेवटची. कितीही जणं असोत, सगळ्यांच्या मागे त्या. थोड्या थोड्या वेळाने मान वळवून मागचा रस्ता बघायचा आणि उरलेला वेळ पुढच्यांचे आवाज ऐकायचे. आमच्या नेहमीच्या वाटांवर एक डोंगर आडवा आहे. त्याच्या खिंडीतून रस्ता पलीकडे शेनान्डोआच्या खोऱ्यात उतरतो. आम्ही त्याला नुसतं खिंड म्हणायचो. एकदा शिरीष तिला पावनखिंड म्हणाला. मावशी म्हणाल्या, "तिथे मागे राहिलेला माणूस मेला. आपल्याकडे मागे राहणाऱ्याने परत यायचं असतं."

मागे राहणं म्हणजे काय, ते मी एकदा जवळून पाहिलं. धुक्याची सकाळ, दोन मळ्यांमधला अरुंद रस्ता. वळणापलीकडे रियाची साखळी उतरली आणि ती रस्त्यातच बसून ती चढवू लागली. मागून ट्रकचा आवाज आला, वेगात. मी नेमकी वळणावर होते, मला दोन्हीकडचं दिसत होतं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. मावशींनी सायकल गवतात टाकली, रस्त्याच्या मधोमध गेल्या आणि दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या. ट्रक खडी उडवत, घसरत आला. थांबला तेव्हा त्याचा बंपर त्यांच्या हाताला लागेल एवढ्या अंतरावर होता. चालवणारा काच खाली करून जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. त्याचं बोलून झाल्यावर मावशींनी त्याला सांगितलं की वळणापलीकडे एक मुलगी बसलेली आहे, तेव्हा हळू जा. तो हळू गेला. रियाला यातलं काही माहीत नव्हतं. तो माणूस टोपी काढून तिला सॉरी का म्हणाला, हे ती आम्हाला नंतर विचारत होती.

भीती नाही वाटली का, असं मी मावशींना विचारलं. त्या जॅकेटवरची धूळ झटकत होत्या. म्हणाल्या, "वाटली ना. पण माझ्या मागे कोण होतं?"

केतकीचा फोन आला तो सप्टेंबरमध्ये, माझ्या जेवणाच्या सुट्टीत. केतकी त्यांची एकुलती मुलगी, टेक्सासमध्ये अर्विंगला राहते. आम्ही एकदाच भेटलो होतो. ती म्हणाली, "मंजिरीताई, आईने तुम्हाला सांगितलं नसणार. तिचा हार्ट व्हॉल्व खूप नॅरो झालाय. सर्जरी करा म्हणून सांगितलंय, आणि ती डेट कॅन्सल करत राहते. दोनदा केली. एक्झर्शनने काय होऊ शकतं हे तिला माझ्यापेक्षा जास्त माहितीये. तरी ती सायकल चालवते. प्लीज, तिला थांबवा." मावशींना कुणी थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं. तरी प्रयत्न करते म्हणाले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्या स्वयंपाकघरात उकडलेले बटाटे सोलत होत्या. मी बसायच्या आत म्हणाल्या, "केतकीचा फोन आला होता ना?"

मी सरळ विषय मांडला. ऑक्टोबरची खिंड रद्द, आधी ऑपरेशन, मग पुढच्या वर्षी काय ते बघू. त्यांनी ऐकून घेतलं, त्या ट्रकवाल्याचं ऐकलं होतं तसं.

"खिंड आधी," त्या म्हणाल्या.

"का पण? तुम्हाला सगळं माहीत असून?"

त्यांनी सुरी खाली ठेवली. "ऑपरेशननंतरची मी कशी असेन, मला ठाऊक नाही. आत्ताची ठाऊक आहे. हिला एकदा खिंड ओलांडू दे." पुन्हा बटाटा उचलत म्हणाल्या, "तुम्ही नाही आलात तर मी एकटी जाईन. एकट्या माणसाच्या मागे कुणी नसतं, ते बघ."

त्या तसं करतील याबद्दल मला शंका नव्हती. म्हणून मी अट घातली. पाढ्याचा नियम त्यांनाही लागू. त्या म्हणाल्या, नियम माझाच आहे. मी म्हटलं, म्हणूनच विचारतेय. त्यांनी बटाट्याला मीठ लावलं, एक फोड तोंडात टाकली. "लागू." मग मी म्हटलं की या वेळी मी शेवटी राहते, तुम्ही माझ्या पुढे. त्यावर त्यांनी फक्त मान हलवली. ती जागा त्या देणार नव्हत्या.

घरी येऊन मी केतकीला खरं ते कळवलं. ती म्हणाली, "ॲट लीस्ट यू विल बी देअर." पुढचे दिवस मी माझ्या पद्धतीने काढले. रस्त्यात फोन कुठे लागतो, कुठे लागत नाही, जवळचं इस्पितळ डोंगराच्या कुठल्या बाजूला, कुठल्या मळ्यावर कुणाची गाडी असते. शिरीष आणि रियालाही सांगितलं. शिरीष म्हणाला, दुसऱ्या कुणाला असं काही असतं तर आपण त्याचं ऐकलं असतं का? पण मावशी डॉक्टर आहेत. त्यांना कळत असेलच. हेच आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो.

ऑक्टोबरमधला तो शनिवार कोरडा आणि थंड होता. द्राक्षं उतरवून झाली होती. ओळींवरच्या, पाखरं अडवणाऱ्या जाळ्या काढायच्या राहिल्या होत्या आणि कुठल्या तरी शेडमधून चोथ्याचा आंबट वास येत होता. आम्हाला धर्म विचारणाऱ्या मळेवाल्याचं घर अगदी चढाच्या तोंडाशी आहे. त्याने कुंपणापलीकडून हात केला. पुढे शिरीष, मग रिया, मग मी, आणि मागे मावशी.

चढ सुरू झाला. शिरीषने एकोणीसचा म्हटला, रियाने बाराचा. हो, एव्हाना ती बारापर्यंत आली होती, उच्चार स्वतःचे. मी सोळाचा म्हटला. मग मावशींचा एकवीस. तो त्यांचा ठरलेला पाढा. एकवीस एके एकवीस, एकवीस दुणे बेचाळीस. आवाज स्वच्छ होता. माझी पाठ थोडी सैल झाली.

एकवीस पाचेपाशी त्या थांबल्या.

फार नाही. एका श्वासाइतकं. आणि पुढून शिरीषने, शाळेत बाकावरून मित्राला सांगावं तसं, "पाचोदरसे" म्हटलं. मावशींनी "एकवीस सक" म्हटलं आणि पुन्हा थांबल्या. आता मीही म्हणाले, "सव्वीसासे." रियाला गंमत वाटली, तीही सूर लावू लागली. पाढा संपला तो आम्ही पुन्हा पहिल्यापासून घेतला. अर्धं त्या म्हणणार, अर्धं आम्ही. एखादं गाणं बसवावं तसं ते बसलं. चढ सोपा वाटू लागला. मोठ्या माणसाला काही आठवेना की आपण पुरवायचं, त्यांना अडायला लावायचं नाही, हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

वळणावर डोंगराची सावली आली आणि गार वाटलं. एकवीस साते सत्तेचाळासे, आम्ही म्हणालो. आणि माझ्या लक्षात आलं की हे तीनच आवाज आहेत. कधीपासून तीन होते, ते मला सांगता येईना.

चढावर मान वळवली की सायकल डगमगते. समोरून एक गाडी उतरत होती, ती जाऊ द्यावी लागली. तेवढ्यात मी कान मागे लावून होते. टायरखाली खडी वाजत होती, ती माझीच. गाडी गेली, मी पाय टेकला आणि वळले. मावशी थोड्या खाली होत्या. अजून पेडल मारत होत्या, पण सायकल जेमतेम सरकत होती. ओठ हलत होते. आवाज नव्हता. चेहरा राखेच्या रंगाचा.

"मावशी, उतरा."

त्यांनी हाताने नाही अशी खूण केली. पुढे जा, अशीही केली.

मी सायकल टाकून खाली गेले. "मग म्हणून दाखवा. साते किती?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "एकवीस साते," त्या म्हणाल्या. मी गप्प राहिले. वर शिरीष वळला होता, त्याने तोंड उघडलेलं मला दिसलं, मी हात वर करून त्याला थांबवलं. मावशी शोधत होत्या. डोळे माझ्यावर, पण बघत होत्या आत कुठे तरी. सायकल थांबली. मी हँडल धरलं. मग त्यांनी एक पाय जमिनीवर ठेवला आणि दुसरा काढून घेतला.

कडेच्या दगडी कुंपणावर त्यांना बसवलं. त्यांनी दोन बोटं स्वतःच्या मानेवर ठेवली आणि डोळे मिटले, दुसऱ्या कुणाची नाडी बघावी तसे. फोन लागत नव्हता; हे मला माहीत होतं. रियाला मी मळेवाल्याकडे पिटाळलं, शिरीषला वर, जिथे सिग्नल येतो तिथे. शिरीष निघताना मावशी त्याला म्हणाल्या, "मधे कशाला बोललास?" आवाज कमी होता पण राग पुरा होता. "पेशंटच्या ऐवजी नातेवाईक उत्तरं देऊन राहिले, की डॉक्टरला काही कळत नाही. पेशंटलाही नाही कळत." शिरीष रडवेला झाला. "जा आता," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी उरलो. मी त्यांचा हात धरला होता, तो गार होता. वाऱ्याने मळ्यातल्या जाळ्या हलत होत्या. त्या पुन्हा बोलू लागल्या, तुकड्यातुकड्याने. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, बोलू दे, बोलणं चालू आहे तोवर ठीक आहे.

"इतक्या जणांना झोपवलं. प्रत्येकाला सांगायची, मी इथेच आहे. उठशील तेव्हाही इथेच असेन." त्यांनी श्वास घेतला. "टेबलावर पडल्यावर जे दिसतं ना, ते मी कधी पाहिलं नाही. मला भीती वाटते, मंजिरी. खिंडीची नाही."

त्यांनी मला नावाने हाक मारलेली ती पहिलीच वेळ.

मी म्हटलं, मी येईन. त्या म्हणाल्या, तुला आत सोडणार नाहीत, यादीबाई. मी म्हटलं, दारापर्यंत तर सोडतील. त्यांनी हात काढून घेतला नाही. खालून ट्रकचा आवाज येऊ लागला तेव्हा म्हणाल्या, "केतकीला सांग, तारीख घे म्हणावं."

मळेवाल्याने त्यांना लहान मुलासारखं उचलून पुढच्या सीटवर ठेवलं. वाटेत तो घाबरून गाडी जोरात हाणत होता, आणि काही तरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं की आज गणित चुकलं का. मावशींनी डोळे न उघडता त्याला इंग्रजीत सांगितलं की नाही, आज बरोबर आलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि केतकी दारापर्यंत गेलो. भूल देणारा डॉक्टर रियाच्या वयाचा होता. मावशींनी त्याची तोंडी परीक्षा घेतली: कोणतं औषध, किती, प्रेशर पडलं तर आधी काय. त्याने शांतपणे उत्तरं दिली. शेवटचा प्रश्न, तू पूर्ण वेळ तिथेच असशील का? तो म्हणाला, "आय विल बी राइट देअर." मावशींनी त्याला नीट न्याहाळलं, मग डोळे मिटले. त्याने आकडे मोजायला सांगायच्या आधीच पाढा सुरू झाला होता. दार बंद होईपर्यंत मला "एकवीस त्रिक" ऐकू आलं. त्याच्या पुढचं त्या डॉक्टरने ऐकलं असेल. केतकी माझा खांदा धरून उभी होती आणि ओठांनी काही तरी म्हणत होती. तोच पाढा होता. तिलाही येत होता, हे मला माहीत नव्हतं.

मावशी उठल्या. मग केतकीने त्यांना अर्विंगला नेलं. शनिवारी त्यांचा फोन यायचा: कुठे गेला होतात, मागे कोण होतं. तिकडे सायकल मिळाली, डॉक्टरांनी परवानगी दिली, पण करमत नाही. "रस्ते पोळपाटासारखे. पाढे म्हणायला जागाच नाही." दुकानं मात्र छान, संत्री तशीच.

पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्या आल्या. तेच जॅकेट, आता आणखी मोठं वाटणारं. केतकी गाडी घेऊन खिंडीच्या पलीकडे, खोऱ्यात थांबणार होती. चढाच्या तोंडाशी आम्ही नेहमीसारखे ओळीत उभे राहिलो आणि मावशी रियाच्या मागे येऊन थांबल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आज तू मागे राहा."

शिरीषने वळून पाहिलं.

चढ सुरू झाला. पाढे पुढून मागे येत मावशींपर्यंत आले. एकवीस एके. त्या हळू जात होत्या, लहान गियरवर, पेडलचा प्रत्येक फेरा मोजून मारावा तसा. एकवीस त्रिक, एकवीस चोक. एकवीस पाचे.

थांबल्या.

पुढे शिरीषची पाठ ताठ झालेली मला दिसली. रियाने मान खाली घातली. माझे दोन्ही हात ब्रेकवर होते आणि जिभेवर आलेला शब्द मी दातांनी धरून ठेवला होता. त्या जॅकेटची मागची शिवण, तिच्यावरून खाली-वर होणारे खांदे, एवढंच माझ्या समोर होतं. कुणी बोललं नाही.

"पाचोदरसे," मावशी म्हणाल्या, आणि जरा वेळाने, "शिकलात."

त्यांनी आमची परीक्षा घेतली की त्यांना खरंच दम घ्यावा लागला, हे मी कधी विचारलं नाही. पुढचा पाढा त्यांनी एकटीने पुरा केला. मग पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्या अर्विंगला वारल्या. हृदयाचं काही नव्हतं, न्यूमोनिया झाला होता. केतकी शेजारीच होती. त्यामुळे खिंडीतली तीच आमची शेवटची भेट ठरली. त्या शनिवारी माथ्यावर शिरीष आणि रिया पाणी प्यायला थांबले, मी पोचले तेव्हा मावशी मात्र थांबल्या नव्हत्या. त्या तशाच पलीकडे उतरल्या होत्या. खाली शेनान्डोआचं खोरं ऊन पडून पिवळं झालं होतं, मळ्यांच्या ओळी नदीपर्यंत गेल्या होत्या आणि त्यांच्यामधल्या रस्त्यावरून मोहरीच्या रंगाचा एक ठिपका खाली खाली जात होता. उतारावर पाढे म्हणायचे नसतात, तरी वाऱ्यावर एखादा आकडा येत होता. मी बराच वेळ बघत होते. वळणापाशी त्या मान वळवतील असं मला वाटलं. आजवर एकही वळण त्यांनी मागे बघितल्याशिवाय घेतलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मागे बघितलं नाही.